काम तिकडचं, पगार इकडचा

मैत्रिणींनो,

दर गुरुवारी दुपारी आमचं सल्ला केंद्र भरतं. नवऱ्याची मारहाण, पोटगी, घराबाहेर काढणं, अशा तक्रारी घेऊन बाया येतात. २०२५ च्या जानेवारीत एका गुरुवारी एक बाई आल्या. वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस, शिक्षण चौथी. वस्तीत सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणते. दोन वर्षं दुबईत एका पुण्याच्या कुटुंबाकडे काम करून त्या नुकत्याच परतल्या होत्या. अंगावर मार नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाल्या, "ताई, तक्रार करायची नाहीये. एक विचारायचं होतं. आमच्याच बिल्डिंगमधल्या फिलिपिनी बाईला दर रविवारी सुट्टी असायची. नटूनथटून चर्चला जायची. काम तर दोघींचं सारखंच होतं. मग मला का नव्हती?"

या एका प्रश्नाने मला हा अंक लिहायला बसवलं आहे. मावशींच्या परवानगीने, नाव-गाव गाळून लिहिते आहे.

आधी हिशेब मांडू. पुण्यात मावशी चार घरची धुणीभांडी, केरफरशी आणि पोळ्या करत होत्या. रोज सहा तास काम, महिन्याला दोन खाडे धरून मिळायचे नऊ हजार रुपये. दुबईत पगार ठरला अठरा हजार. "डायरेक्ट डबल" असं त्यांना सांगण्यात आलं आणि ते खोटं नव्हतं. पैसे दर महिन्याला मुलाच्या इथल्या खात्यात जमा होत. तेही वेळेवर. पण तिकडे दिवस सकाळी सहाला सुरू होई आणि रात्री दहाला संपे. दुपारी लहान मूल झोपलं की दोन तास पाठ टेकता येई. म्हणजे चौदा तास काम, महिन्याचे तीसही दिवस. आता भागाकार करून पाहा. पुण्यात तासाला पडत होते साधारण ५३ रुपये. दुबईत पडले ४३ हून कमी. पगार दुप्पट झाला आणि श्रमाचा भाव उतरला! हा हिशेब आम्ही पाटीवर मांडून दाखवला तेव्हा मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी समुद्र ओलांडून स्वस्त झाले."

त्या अठरा हजारांचे तेव्हाच्या भावाने जेमतेम आठशे दिरहम होतात. फिलिपिनी बाई दोन हजार दिरहम घेत होती, असं मावशी सांगतात. आखाती देशांत घरकामाचा पगार हातातल्या कामावरून ठरत नाही, हातातल्या पासपोर्टवरून ठरतो, हे तिथे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. फिलिपिन्सच्या बाईला जास्त, श्रीलंकेच्या आणि भारतातल्या बाईला कमी, इथिओपियाच्या बाईला आणखी कमी. फिलिपिन्सची बाई जास्त पगार घेते त्यामागे तिच्या संघटनांचा आणि तिच्या सरकारचाही हात आहे. परदेशी घरकामाला जाणाऱ्या बाईला महिन्याला किमान ४०० डॉलर मिळालेच पाहिजेत, असं त्या सरकारने २००६ साली ठरवलं. आपल्या बाईच्या मागे कोण उभं आहे?

आता दुसरी बाजू. मालकिणीचं नाव ऐकलं आणि मी चमकले. ती माझ्या कॉलेजातली निघाली. स्त्रीभ्रूणहत्येच्या विरोधातल्या पथनाट्यात आम्ही दोघींनी काम केलं होतं, शनिवारवाड्यासमोर घसा फोडून घोषणा दिल्या होत्या. मी तिला फोन केला. ती मनापासून बोलली. तिचं म्हणणं मी इथे जसंच्या तसं देते, कारण ते तिचं एकटीचं नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या बहिणी, नणंदा, मैत्रिणी, मुली यांच्यापैकी बऱ्याच जणींचं हेच म्हणणं आहे.

"अगं, इथे कोण देतं तिला एवढे पैसे? राहणं, जेवणखाण, औषधपाणी, विमानाचं तिकीट, सगळं आमचं. पासपोर्ट मी जपून ठेवला, तिच्याकडून हरवला असता तर? सुट्टी देऊन ती जाणार कुठे? तिला ना भाषा येते ना रस्ते माहीत. आणि आम्ही तिला कधी कामवाली मानलंच नाही. घरच्यासारखीच होती ती."

मैत्रिणींनो, यातलं एकेक वाक्य तपासून पाहू या.

"इथे कोण देतं एवढे पैसे?" प्रश्न इथला नाहीच. मावशी काम तिकडे करत होत्या. मैत्रीण स्वतः दुबईला गेली तेव्हा कंपनीने तिला "पुण्यात तुला जेवढा मिळायचा त्याच्या दुप्पट देतो" असं सांगून तिच्या हुद्द्याच्या इतरांपेक्षा कमी पगार दिला असता, तर तो तिने घेतला असता का? स्वतःचा पगार आपण तिकडच्या बाजारभावाने घेतो आणि बाईचा इकडच्या बाजारभावाने देतो. मधला फरक आपल्या खिशात राहतो. याला साध्या मराठीत काय म्हणतात ते मी सांगायला नको.

"राहणं-जेवणखाण आमचं." चोवीस तास हाताशी राहावी म्हणूनच तिला घरात ठेवलेली असते. रात्री मूल रडलं की उठायचं कोणी? मावशींचं अंथरूण मुलांच्या खोलीत होतं. ती राहण्याची सोय म्हणायची की रात्रपाळी?

"सुट्टी देऊन जाणार कुठे?" कुठेही जाईल. बागेत बसेल, देवळात जाईल, दिवसभर झोपून राहील. सुट्टीत काय करायचं हे आपल्याला कोणी विचारतं का? शिवाय आठवड्याची सुट्टी ही मेहेरबानी नाही, तिथला कायदा आहे. संयुक्त अरब अमिरातीने घरकामगारांसाठी २०१७ साली स्वतंत्र कायदा केला आणि २०२२ साली तो नव्याने आणला. दिवसाकाठी बारा तास विश्रांती आणि त्यातले आठ तास सलग, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, वर्षाला तीस दिवस भरपगारी रजा, दोन वर्षांतून एकदा घरी जाण्या-येण्याचं तिकीट, स्वतःची कागदपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क, हे सगळं त्यात आहे. म्हणजे पासपोर्ट "जपून ठेवणं" हेही बेकायदाच. किमान वेतन मात्र त्या कायद्यात नाही. कुवेतच्या २०१५ च्या कायद्यानुसार ते ६० दिनार ठरलं. कतारमध्ये २०२१ पासून १,००० रियाल आहे आणि ते घरकामगारांनाही लागू आहे. कायदे अपुरे आहेत, पण अगदीच नाहीत असं नाही. आपली मंडळी परदेशात सिग्नल तोडत नाहीत, कचरा रस्त्यावर टाकत नाहीत, तिथल्या शिस्तीचं कौतुक करतात. घराचं दार लावलं की मात्र आत इकडचीच वहिवाट सुरू होते.

आणि शेवटचं, सगळ्यांत गोड वाक्य: "घरच्यासारखीच होती ती." या वाक्यापुढे कामवाल्या बायांचं तोंड बंद होतं, कारण त्यातली माया पुष्कळदा खरी असते. मावशींचाही त्या लेकरांवर खरा जीव होता. पण या वाक्याचा कायद्याने कसा वापर झाला ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये १९९९ साली किमान वेतन लागू झालं, तेव्हा नियमात एक सूट ठेवली होती. मालकाच्या घरात राहणाऱ्या बाईला कुटुंबातल्या माणसासारखं वागवलं जात असेल, जेवणाखाण्यात, कामात, करमणुकीत सामील करून घेतलं जात असेल, तर तिला किमान वेतन देण्याचं बंधन मालकावर नव्हतं. शिकण्याच्या निमित्ताने काही महिने राहायला येणाऱ्या परदेशी मुली डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही सूट पूर्णवेळ घरकाम करणाऱ्या बायांच्या गळ्याला लागली. भारतातून गेलेल्या एका बाईने याविरुद्ध दाद मागितली. घरात राहून काम करणाऱ्यांत बायाच जास्त, तेव्हा ही सूट म्हणजे बायांवर अन्याय आहे, असा निकाल तिथल्या कामगार न्यायाधिकरणाने २०२० च्या डिसेंबरमध्ये दिला. अखेर १ एप्रिल २०२४ पासून ती सूट रद्द झाली. "घरच्यासारखी" या शब्दाची किंमत तासाला किती, हे एका बाईने कोर्टात उभं राहून विचारलं आणि कायदा बदलला. आपल्याकडे ही बातमी मोठी व्हायला हवी होती. झाली नाही.

बाईला बरोबर घेऊन परदेशी जायचं, ही रीत काही आपण काढलेली नाही. ती साहेबाची. इंग्रज कुटुंबं मुंबईहून, कलकत्त्याहून विलायतेला परतताना बोटीवर मुलं सांभाळायला इथली आया घेऊन जात. मुक्कामाला पोहोचल्यावर गरज संपली की कित्येक जणींना परतीच्या तिकिटाशिवाय सोडून दिलं जाई. अशा बायांसाठी लंडनमध्ये एक आयाघर चालवावं लागलं. १९०० साली ते हॅकनी भागात आलं. तिथल्या एका वास्तूवर २०२२ च्या जूनमध्ये निळी स्मृतिफलक-पाटी लागली. त्या आयांची नावं फारशी कोणाला माहीत नाहीत. साहेब गेला. त्याची रीत मात्र आपण ठेवून घेतली आणि आता आपण साहेब झालो आहोत.

आपण म्हणजे फक्त नोकरदार मध्यमवर्ग नव्हे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या भारतीय उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, ते सर्वांना आठवत असेल. घरकामाच्या बाईच्या व्हिसासाठी दिलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर पगार दाखवला आणि प्रत्यक्षात दुसरा करार महिन्याला ३०,००० रुपयांचा केला, असा आरोप होता. तिथल्या सरकारी वकिलांच्या हिशेबाने हे तासाला साडेतीन डॉलरहूनही कमी होत होतं. खोब्रागडे यांनी आरोप नाकारले. राजनैतिक संरक्षणामुळे त्या २०१४ च्या जानेवारीत भारतात परतल्या आणि दोष होता की नव्हता, याचा निवाडा कोर्टात झालाच नाही. अटकेनंतर त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली, ती निषेधार्हच होती. कोणत्याही बाईची अशी झडती होता कामा नये. पण त्या दिवसांत आपल्या देशाचा संताप कशावर होता ते आठवा. दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरचे अडथळे सरकारने काढून टाकले. संसद, वर्तमानपत्रं, दूरदर्शन वाहिन्या सगळीकडे देशाच्या अपमानाची चर्चा. एका भारतीय बाईचा मान दुखावला म्हणून सगळा देश उभा राहिला. पगाराची तक्रार करणारीही भारतीय बाईच होती. तिच्या बाजूने किती जण बोलले? आपण तरी बोललो का?

पैसा वाढला म्हणून वागणं बदलतंच असंही नाही. २०२४ च्या जूनमध्ये जिनिव्हाच्या कोर्टाने अतिश्रीमंत हिंदुजा कुटुंबातल्या चौघांना घरकामगारांच्या शोषणाबद्दल दोषी ठरवलं. मानवी तस्करीच्या आरोपातून त्यांची सुटका झाली आणि शिक्षेविरुद्ध त्यांनी अपील केलं. भारतातून नेलेल्या त्या कामगारांचे पासपोर्ट काढून घेतले होते, पगार रुपयांत आणि भारतातल्या खात्यात जमा होत होता, अशी तक्रार होती. कुटुंबाच्या वकिलांचं एक म्हणणं असं होतं की, राहण्या-जेवणाची सोय असताना नुसत्या रोख रकमेवरून पगार मोजता येणार नाही. वाचताना मला माझ्या मैत्रिणीचा फोन आठवला. बंगला जिनिव्हाचा असो नाहीतर फ्लॅट दुबईचा, युक्तिवाद तोच.

आता स्वतःकडे वळू. मैत्रीण फोनवर आणखी एक वाक्य बोलली होती: "मावशी होत्या म्हणून मी नोकरी करू शकले." ते अगदी खरं आहे. पण या सगळ्या हिशेबात तिचा नवरा कुठे आहे? स्वयंपाक, मुलं, घर यांची जबाबदारी तिची. ती पार पाडायला बाई शोधायची तिनेच. बाईचा पगारही तिच्याच पगारातून जाणार आणि "तू नोकरी करतेस त्यातलं उरतं काय?" हा प्रश्नही तिलाच. म्हणून ती बाईचा पगार दाबून ठेवते. घरकाम घरची बाई करते तेव्हा ते फुकट, म्हणून बाहेरची बाई करते तेव्हा ते स्वस्त. एका बाईची मुक्ती दुसऱ्या बाईच्या चौदा तासांवर उभी राहते आणि पुरुष सोफ्यावर बसून राहतो. या व्यवस्थेला आपण वर्षानुवर्षं नाव ठेवत आलो. आपल्याच मैत्रिणी ती चालवतात तेव्हा आपली जीभ का अडखळते?

इथे आपली जबाबदारी जास्त आहे, कारण मोलकरणींचा लढा महाराष्ट्राला नवा नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आज "घरेलू कामगार" हा शब्द सरकारी कागदावर आहे तो अशा लढ्यांमुळे. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, मदत आहे, पण पगाराचा दर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने बाजूने मत दिलं, पण करार स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करता येईल का, हे पाहायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं. ज्या देशात घरकामाचे तास मोजले जात नाहीत, त्या देशातून गेलेला मालक परदेशात ते कसे मोजणार?

मग करायचं काय? आमच्या केंद्राने काही गोष्टी सुरू केल्या आहेत. त्या सगळ्या गटांनी कराव्यात असं वाटतं.

एक: वस्तीतली कोणी बाई परदेशी कामाला निघाली की तिच्याबरोबर बसायचं. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर आखाती देशांत कामाला जाण्यासाठी सरकारी परवानगी लागते आणि घरकामासाठी वय किमान तीस असावं लागतं. ही परवानगी घेऊन गेलं तर १० लाखांचा विमाही असतो. मावशींना व्हिजिट व्हिसावर नेलं आणि तिथे गेल्यावर तो बदलून घेतला. त्यामुळे इथल्या सरकारच्या दप्तरी त्या कामाला गेल्याच नव्हत्या! व्हिजिट व्हिसावर कामाला जायचं नाही, हे प्रत्येकीला सांगा.

दोन: करार लेखी, मराठीत समजावून घेतलेला, आणि त्याची एक प्रत घरी. पगार तिकडच्या चलनात लिहिलेला. कामाचे तास, सुट्टीचा वार, रजा, परतीचं तिकीट, आजारपणाचा खर्च, सगळं त्यात हवं.

तीन: पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात. मावशींच्या मुलाने दोन वर्षांच्या पैशांतले निम्मे मोटारसायकलला घातले. तो वेगळा अन्याय, पण याच साखळीतला.

चार: पासपोर्ट तिच्या पिशवीत, मोबाईल तिच्या हातात. भारतीय वकिलातीचा आणि तिथल्या कामगार खात्याचा नंबर घरच्यांजवळही लिहून ठेवलेला.

पाच: परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांशी बोलायचं. गणपती, दिवाळी, नाट्यमहोत्सव दणक्यात होतात. त्याच सभागृहात एक सकाळ घरकामगारांच्या हक्कांसाठी ठेवता येईल. स्वयंपाकघरात प्लेट भरणाऱ्या बायांनाही त्या दिवशी खुर्चीवर बसू द्या.

नीट वागणारी घरं नसतात असं नाही. तिकडच्या दराने पगार देणारी, शुक्रवार किंवा रविवार मोकळा ठेवणारी, बाईच्या नावाने खातं उघडून देणारी कुटुंबं आम्ही पाहिली आहेत. त्यांचं काही बिघडलेलं नाही. मुलंही वाढली, नोकऱ्याही झाल्या. म्हणजे हे जमतं.

मावशींचं पुढे काय झालं? आम्ही हिशेब केला. दोन वर्षांच्या १०४ साप्ताहिक सुट्ट्या आणि साठ दिवसांची रजा मिळून १६४ दिवस. ठरलेल्या पगाराने दिवसाचे सहाशे. एकूण ९८,४०० रुपये. तीन वेळा बोलणी झाली. हाती आले साठ हजार. माफीचा शब्द आला नाही आणि मैत्रिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. याचं मला वाईट वाटतं. पण गप्प राहिले असते तर जास्त वाटलं असतं.

येत्या १६ जूनला, घरकामगारांच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, आपापल्या गटात एक बैठक घ्या. तिकडच्यांवर बोट दाखवण्याआधी आपल्या घरी येणाऱ्या बाईचाही भागाकार करून पाहा: महिन्याचे किती तास, तासाला किती रुपये, आठवड्याची सुट्टी आहे की नाही. उत्तर आवडलं नाही तर लपवू नका, बदला. आणि काय बदललंत ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकात आपण तोच हिशेब छापू.

सस्नेह,
संपादक मंडळासाठी